अनुताप

दत्तंभटांनी पंचगव्याची वाटी पाटासमोर ठेवली, दर्भ सारखा केला आणि मथुरेला बसण्याची खूण केली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेत ती पाटावर बसली. तिच्या उजव्या हाताला तिचे यजमान श्रीपादराव होते. त्यांचा विधी नुकताच आटोपला होता. पहाटे न्हाव्याने त्यांची मिशी उतरवली होती, आणि उघड्या पडलेल्या वरच्या ओठावरून ते पुन्हा पुन्हा बोट फिरवीत होते.

समोर, भिंतीला पाठ न टेकता, अनंतशास्त्री बासरकर बसले होते. ते श्रीपादरावांचे वडील. हैदराबादच्या शालीबंड्यातच काय, मुसी नदीच्या दोन्ही तीरांवरच्या मराठी घरांत धर्मशास्त्राचा काही प्रश्न उद्भवला, की तो या चौकात येई. निजामाच्या कचेऱ्यांतली, न्यायालयांतली, शाळांतली माणसे येथे येऊन बसत. शास्त्रीबुवा पोथी न उघडता निर्णय देत, आणि तो मोडल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते. समुद्र ओलांडून आलेला प्रत्येक जण याच पाटावर बसून, शुद्ध होऊन, पंक्तीला गेला होता. आज पाटावर त्यांची स्वतःची सून होती.

श्रीपादराव रियासतीच्या तामीरात, म्हणजे बांधकाम, खात्यात रस्ते बांधणारे अभियंते होते. डोंगरातले रस्ते पाहण्यासाठी रजा काढून ते लंकेला गेले, आणि मथुरेला बरोबर घेऊन गेले. कोलंबोत भाड्याने मोटार घेऊन दोघांनी त्या बेटाचे अरण्य आणि किनारे पालथे घातले. परतल्यापासून दोघेही बाहेरच्या सोप्यात राहत होती. त्यांची पाने वेगळी मांडली जात. परवा घट बसायचे होते. सासूबाई गेल्यापासून देवीचा नैवेद्य मथुरेच्याच हातचा असे. आज शुद्धी झाली नाही, तर देवघर, स्वयंपाकघर आणि पंगत ही तिन्ही तिला बंद होणार होती. तिला आत जायचे होते. गेले काही दिवस सोप्यात बसून ती आतल्या घंटेचा आवाज ऐकत होती आणि ऐकताना हातातले काम थांबवीत होती.

गुंडेराव वकील साक्षीला म्हणून आले होते आणि लोडाला टेकून मजा पाहत होते. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यावर तेही या पाटावर बसले होते. प्रभू रामचंद्र सेतू बांधून गेले, ही मंडळी आगबोटीने गेली, मग कसला दोष, असे त्यांनी सकाळीच विचारून पाहिले होते. देवांनी केले ते माणसाने प्रमाण मानू नये, एवढेच उत्तर त्यांना मिळाले होते.

शास्त्रीबुवांनी सुनेला रीतीप्रमाणे प्रश्न विचारले. अन्न कोणाच्या हातचे घेतले, स्नान कोठे केले, देवाचे नाव चुकले का. तिने एकेकाचे उत्तर दिले. स्टोव्ह बरोबर होता, भात स्वतः शिजवला, नाही जमले तेथे केळी आणि शहाळी यांवर निभावले. स्नान चुकले नाही. शास्त्रीबुवा मान हलवीत गेले. मग त्यांनी तो अखेरचा प्रश्न विचारला, जो ते प्रत्येकाला विचारीत.

"अनुताप आहे?"

थोड्याच वेळापूर्वी श्रीपादरावांनी याला तत्काळ "आहे" म्हटले होते, आणि दत्तंभट पुढच्या मंत्राकडे वळले होते. आताही ते वळण्याच्या बेतात होते. पण उत्तर आले नाही.

"सूनबाई, अनुताप आहे ना?"

मथुरेने वाटीकडे पाहिले.

"नाही, मामंजी."

दत्तंभटांचा हात तांब्यावर थांबला. श्रीपादरावांनी दबक्या स्वरात तिचे नाव घेतले. गुंडेराव लोडावरून सरळ झाले.

"अहो सूनबाई, हौ म्हणून टाका आणि मोकळ्या व्हा," ते म्हणाले. "मला तरी कुठं होता अनुताप? मिशी गेली त्याचा तेवढा झाला."

ते हसले. ते हसत असतानाच शास्त्रीबुवांनी त्यांच्याकडे वळून पाहिले, आणि त्यांचे हसू जागच्या जागी विरले. शास्त्रीबुवांनी हा प्रश्न आयुष्यभर किती जणांना विचारला होता, आणि प्रत्येकाने "आहे" असेच म्हटले होते. ती सारी उत्तरे क्षणभर त्यांच्या समोरून गेली असावीत. त्यांनी उपरणे खांद्यावर नीट घेतले.

"का नाही ते सांग," ते सुनेला म्हणाले. "निर्णय द्यायचा, तर मला सगळं ऐकलं पाहिजे."

मथुरा आधी चाचरत, मग सावकाश बोलू लागली.

पहिले काही दिवस मोटार श्रीपादरावच चालवीत होते. गाल बंदराच्या दिशेने जाताना उजव्या हाताला समुद्र असे, इतका जवळ, की वळणावर लाटेचे तुषार काचेवर येत. माडांची झाडे पाण्यावर ओणवी झालेली, जणू संध्येला बसून अर्घ्य द्यायला वाकली आहेत. श्रीपादराव मोटार थांबवून रस्त्याचा उतार पाहत, दगड उचलून पारखीत. ती समुद्राकडे पाहत बसे. मग ते चहाच्या मळ्यांच्या डोंगरांत चढले. तेथे ढग रस्त्यावर उतरत आणि समोरचा माणूस दिसत नसे. एका गारठलेल्या सकाळी मोटार सुरू करताना हँडल उलटे फिरले आणि श्रीपादरावांचे मनगट दुखावले. पुढे जायचे तर दुसरा चालक मिळायला हवा होता, आणि त्या डोंगरात तो मिळेना. मोटार तेथेच सोडून आगगाडीने परत फिरायचे असे त्यांनी ठरवले.

येथे मथुरा थांबली. चालवायला ती कशी शिकली, हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. तिने गुंडेरावांकडे पाहिले. वकिलांनी घसा साफ केला आणि कबूल केले, की गंडीपेठच्या रस्त्यावर, खिडक्यांचे पडदे ओढून, आपल्याच जुन्या मोटारीवर श्रीपादने तिला शिकवले, आणि आपण मागच्या बैठकीवर जीव मुठीत धरून बसत होतो.

"पडद्याआड कोण बसलंय म्हणून लोक अदबीनं बाजूला होत," ते पुटपुटले. "पडद्याआड मी होतो."

शास्त्रीबुवांनी "पुढं" एवढेच म्हटले.

तर तिने हँडल मारले. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही, म्हणजे हँडल उलटले तरी हात सुटतो. मोटार सुरू झाली. नऊवारीचा कासोटा खोचून ती बसली आणि ढगांतून खाली उतरली. प्रत्येक वळणावर भोंगा वाजवीत, दरीच्या बाजूला न पाहता. उतार संपल्यावर अरण्य लागले. त्याला अंत नव्हता. दोन्ही बाजूंनी झाडे एकमेकांत गुंतलेली, वर फांद्यांचे छत, आणि खाली तांबडी माती. पोथीत अरण्य हा शब्द तिने कितीदा ऐकला होता, पण त्याचा अर्थ तिला तेथे कळला. मध्येच एका ठिकाणी हत्तीण आणि तिचे पिलू रस्त्यावर उभे होते. तिने यंत्र बंद केले. श्रीपादराव दुखरा हात गळ्यात बांधून शेजारी बसले होते, त्यांनी श्वास रोखला. हत्तीण बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली आणि मग पिलाला पुढे घालून झाडीत शिरली. मथुरेने उतरून पुन्हा हँडल मारले.

"भीती नाही वाटली?" शास्त्रीबुवांनी विचारले. हा प्रश्न रीतीतला नव्हता.

"वाटली. पण गाडी माझ्या हातात होती."

दिवस मावळता मावळता झाडी संपली आणि एकाएकी समोर पूर्वेचा समुद्र आला. विश्रामगृहाचा म्हातारा तमिळ राखणदार कंदील घेऊन बाहेर आला. त्याने श्रीपादरावांचा बांधलेला हात पाहिला, मोटारीची धूळ पाहिली आणि त्या अरण्यातून मोटार कोणी आणली ते विचारले. हा भाग सांगताना मथुरेचा आवाज प्रथमच किंचित हलला. श्रीपादराव मोटारीतून उतरून तिच्या मागे येऊन उभे राहिले होते, आणि ते म्हणाले होते, हिने.

श्रीपादरावांनी ओठावरचे बोट खाली घेतले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती समुद्रालगतच्या कड्यावर गेली. समुद्राच्या आतून सूर्य वर येताना तिने जन्मात प्रथमच पाहिला. हैदराबादेत तो घरांच्या छपरांवर येतो, तो आधीच थोडा जुना झालेला असतो. तेथे तो नवा होता. तिने ओंजळीने अर्घ्य दिले. त्या वेळी सासूबाईंची आठवण झाली, त्यांनी हे कधीच पाहिले नाही याचे वाईट वाटले. आणि आपण स्वतः रस्ता काढून येथवर आलो आहोत, असेही वाटले.

"मामंजी, शब्द मी म्हणेन," मथुरा म्हणाली. "तुम्ही सांगाल ते सगळं पिईन. पण ते समुद्रापलीकडचं सगळं चुकलं, असं मनात आणू म्हटलं तर येत नाही. मला त्याचा अभिमान वाटतो. ते पाप असेल, तर त्याला वेगळं प्रायश्चित्त सांगा."

आतून भाताचा वास येत होता. शास्त्रीबुवांनी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटले, ते वचने आठवीत आहेत. मग त्यांनी डोळे उघडले, आणि त्यांचा स्वर नेहमीचाच होता.

"अनुताप नसेल, तर प्रायश्चित्त होत नाही. नुसतं दूध-तूप पिणं होतं. सूनबाईंना या पाटाचा अधिकार नाही. दत्तंभट, वाटी उचला."

श्रीपादराव "अण्णा" म्हणून पुढे झुकले. वडिलांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. मथुरेने पाटाला नमस्कार केला, उठली, आणि मान न झुकवता सोप्यात गेली. तिच्या पावलांत घाई नव्हती. पण सोप्यात पोचल्यावर तिने खांबाला धरले, ते गुंडेरावांनी पाहिले आणि नजर दुसरीकडे वळवली.

पाने मांडली गेली. माजघरात पुरुषांची पंगत, शास्त्रीबुवांचे पान उत्तरेच्या भिंतीशी, शेजारी शुद्ध झालेल्या श्रीपादरावांचे, मग वकिलांचे आणि दत्तंभटांचे. बाहेर सोप्यात, उंबऱ्यापलीकडे, एक पान एकटे. गोदाक्का, शास्त्रीबुवांची धाकटी विधवा बहीण, सोवळ्यात वाढायला उभ्या होत्या. त्यांचे डोळे ओले होते आणि त्यांनी ते लपवले नव्हते. नैवेद्य दाखवून झाल्यावर शास्त्रीबुवा आपल्या जागेपाशी आले. सारे त्यांच्या बसण्याची वाट पाहत उभे राहिले.

ते बसले नाहीत. वाकून त्यांनी आपला पाट उचलला. दुसऱ्या हाताने पान घेतले. वयामुळे दोन्ही सांभाळताना ते थोडे डळमळले, पण कोणी पुढे होण्याआधी ते उंबरा ओलांडून गेले होते. सोप्यात, मथुरेच्या पानाशेजारी, त्यांनी पाट टेकवला आणि ते बसले.

"दादा," गोदाक्का उंबऱ्याशी आल्या. "तिच्या पंक्तीला बसलास, तर तोच दोष तुला लागतो."

"लागतो."

"आणि परवा घट बसायचे आहेत."

"परवाचं परवा पाहू."

"मग तू प्रायश्चित्त..."

"ते मला सांगू नकोस, गोदे," शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांनी पानावरची काडी वेचून बाजूला ठेवली. "मला अनुताप होणार नाही."

गोदाक्का भाताचे पातेले धरून तशाच उभ्या राहिल्या. मथुरा सासऱ्यांकडे पाहू शकली नाही. पान वाऱ्याने उडू नये म्हणून तिने हात त्यावर ठेवला होता, आणि वारा नव्हता.

माजघरात श्रीपादराव अजून उभेच होते. शेजारची जागा रिकामी होती. मग श्रीपादराव पुढे झाले. त्यांनी आत्याच्या हातातून पातेले घेतले. गोदाक्कांनी ते सोडले.

सोवळे नेसलेले, दर्भाची अंगठी बोटात असलेले श्रीपादराव उंबरा ओलांडून सोप्यात आले. वाढताना पहिले पान वडिलांचे, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. ते वडिलांच्या पानापाशी आले, क्षणभर थांबले, आणि एक पाऊल पुढे गेले. मनगट अजून पुरते बरे झाले नव्हते. म्हणून पातेले डाव्या हाती धरून, वाकून, त्यांनी पहिला भात मथुरेच्या पानावर वाढला.

शास्त्रीबुवांनी आपोशनासाठी तळहातावर पाणी घेतले होते. आपल्या पानावर भात येईपर्यंत ते तसेच, ताठ बसून, थांबले.