एकवीस दिवसांचं पथ्य

पथ्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आठला मोबाईल पुन्हा वाजला. गजराचं नाव ‘शेवंतीला पाणी’. नवरा गेला तवापासून सात वर्षं मी ह्याच गजरावर गोळी खाते, घरात कुणाला पत्ता न्हाई. आता गजर वाजतोय आन् गोळ्यांची डबी विठाबाईंच्या, म्हंजी माझ्या सासूच्या पेटीत, कुलपात. किल्ली त्यांच्या कमरेला. मी खरोखरच शेवंती खुडत होते, पण फुलांऐवजी कळ्या तुटत होत्या.

चूक माझीच. तांदळात लपवलेली डबी सासूच्या, आमच्या आत्यांच्या हाताला लागली. ‘कसली गं ही?’ म्हणाल्या, तर माझ्या तोंडून भसकन निघालं, ‘कावीळ हाय मला, आत्या. जुनी.’ खोटं न्हाई, अर्धं खरं. मला जुनी कावीळ ब हाय आन् तिच्या जोडीला एचआयव्ही. दोन्ही नवऱ्याकडून, ईश्वरकडून आलं. दौंडच्या सरकारी दवाखान्यातल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं, ‘सुवर्णा, ही एकच गोळी दोन्हींना दाबून धरते. मनानं बंद केलीस तर दोन्ही उसळतील.’

पण आत्यांच्या लेखी कावीळ म्हटली की दवाखाना न्हाई, हरिबा. ते केंदूरच्या पलीकडं माळावर मुळीचं औषध देतात. दुसऱ्याच दिवशी आत्यांनी मला एसटीत कोंबलं. हरिबांनी माझे हात चुन्यानं चोळून धुतले, पाणी पिवळं झालं, आन् आत्यांनी त्या पाण्याला हात जोडले. एकवीस दिवस पथ्य: तेल न्हाई, मीठ न्हाई, हळद न्हाई आन् इंग्रजी औषधाचा कणबी न्हाई.

‘ईश्वरला आणायला उशीर केला, बाबा,’ आत्या रडत म्हणाल्या. ‘हिला तरी येळंवर आणली.’

 पण ईश्वरला उशीर झालाच नव्हता. तो हीच गोळी खात होता आन् अंगानं भरत चालला होता. त्यानंबी आईला ‘कावीळ हाय’ एवढंच सांगितलं. आत्यांनी त्याला ह्याच हरिबांकडं नेला आन् त्याची डबी विहिरीत फेकली. ईश्वरनं मला शपथ घातली, ‘आईला त्या रोगाचं नाव कळलं तर मी तोंड दाखवणार न्हाई.’ आम्ही दोघं गप्प बसलो. काही महिन्यांत त्याचं पोट फुगलं, डोळं पिवळं झालं, आन् गेला.

म्हंजी मी खरं बोलले तर मी वाचते, पण ह्या म्हातारीला कळतं की लेकाची गोळी तिनंच तोडली. मला राग येत होता. ईश्वरचा, हरिबांचा, माझा, आन् सगळ्यात जास्त मायेनं गळा दाबणाऱ्या ह्या बाईचा. सांगू, नको, सांगू, नको. तीन दिवस सरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हेच चाललं होतं.

त्या सकाळी मी गजर बंद केलाच न्हाई. बांधावरनं आत्या ताटं घेऊन आल्या. मला अळणी भात आन् ताक, त्यांनाबी तेच.

‘तुम्ही तरी मीठ घ्या की, आत्या.’

‘तू अळणी खाणार आन् माझ्या घशाखाली मीठ उतरंल व्हय? खा गुमान. आन् बंद कर ते केकाटणं.’

मी ताट बाजूला सारलं.

‘पेटी उघडा, आत्या. मला गोळी पायजे.’

‘एकवीस दिवस...’

‘एकवीस दिवसांत मरीन मी! नुसती कावीळ न्हाई मला. एचआयव्ही हाय. गावात एड्स म्हणतात त्यातलं. ही गोळी दोन्हींवर चालते, म्हणून मी उभी हाय!’

 मला वाटलं आता शिव्या घालतील. 

‘ईश्वरलाबी?’ त्यांनी एवढंच विचारलं.

खोटं बोलायची लई इच्छा झाली, देवाशपथ. जमलं न्हाई. मी मान खाली घातली.

‘त्याचीबी अशीच डबी होती,’ त्या स्वतःशीच म्हणाल्या. ‘मी फेकली.’

‘आम्ही सांगितलं न्हाई, आत्या. चूक आमची...’

‘गप! दोन्ही डाव मला येडी ठेवली. माझ्या हातानं...’ आत्या ताट तसंच ठेवून उठल्या आन् तरातरा घराकडं निघाल्या, चपला बांधावरच राहिल्या. मी मागनं पळाले, कारण विहीर वाटेतच होती.

विहिरीपाशी त्या थांबल्या. आत वाकून बघत राहिल्या. मी त्यांचा दंड गच्च धरला. त्यांनी माझा हात झिडकारला आन् कमरेची किल्ली काढून त्याच हातात कोंबली.

दुसऱ्या दिवशी आठचा गजर वाजायच्या आधीच आत्या उंबऱ्यात उभ्या. एका हातात डबी, दुसऱ्यात तांब्या. मी गोळी गिळली तरी हटल्या न्हाईत. ‘आ कर,’ म्हणाल्या. जिभेखाली बघितलं, गालाच्या आतला कोपरा बोटानं चाचपला. मग वळल्या. तवापासून रोज माझ्याशी तेवढंच बोलतात.

मी आता मीठ खाते. एकवीस दिवस कवाच सरले. आत्या अजून अळणीच जेवतात.