बायकांची कंबर

आमच्या वन्सं सकाळी नऊच्या आत हलायच्या नाहीत, म्हणून गावात त्यांना 'नऊवाली' म्हणायचे. हे नाव कोणी पाडलं? मीच पाडलं. उगाच दुसऱ्याच्या माथी कशाला मारू!

गोठ्यात पाच गाई. दुधाचा टेम्पो सहाला दारात येऊन भोंगा वाजवणार. मी एकटी धारा काढून मरतेय, आणि वन्सं आपल्या भिंतीला धरून उभ्या. वाकता येत नाही म्हणे. आणि दहा वाजू देत, ह्याच बाई चाऱ्याचे भारे डोक्यावरून आणणार, शेणाच्या पाट्या उचलणार. आता सांगा, कोणाला खरं वाटेल?

"काम केलं की मोकळं होतं गं. पडून राहिलं की आखडतं," त्या म्हणायच्या.

"उलटंच दुखणं तुमचं," मी फणकारायची. "आमचं बाई काम केल्यावर दुखतं!"

त्यात रोज नवी जागा. आज टाच, उद्या मान, परवा बरगड्या. अकरा वर्षांत तीन डॉक्टर झाले. एक म्हणाला अशक्तपणा, दुसरा म्हणाला मनाला लावून घेता. तिसऱ्याने कंबरेचा फोटो काढला. तो स्वच्छ निघाला. "बायकांची कंबर, दुखायचीच," म्हणून त्याने टॉनिक दिलं. सासरच्यांनी तर लग्नानंतर चौथ्याच वर्षी माहेरी आणून सोडलं होतं. कारण काय, तर सून सकाळी उठत नाही.

मागल्या वर्षी आमच्या ह्यांची कंबर धरली. झालं, सगळं घर एका पायावर! ह्यांना उठू देईनात, वाकू देईनात. चहा हातात, पाणी हातात, पाठीला गरम पिशवी. सासूबाई दिवसातून चारदा पाठीवरून हात फिरवायच्या. लेकीच्या पाठीवरून कधी फिरवल्याचं मला तरी आठवत नाही. सहा महिने असे लोळवले आणि माणूस पार लाकूड झाला. शेवटी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो दिव्यासमोर धरला. कंबरेखालचे सांधे झिजून एकमेकांत मिसळायला लागले होते. मला अडाणीलाही दिसलं.

"हा मणक्याचा वात आहे. झोपवून ठेवलंत? अहो, ह्यांना चालवायला हवं होतं. हा आजार पडून राहिलं की वाढतो."

 हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकत होते.

"घरात आणखी कोणाला असं आहे?" बाईंनी विचारलं.

"नाही," हे म्हणाले.

"बहिणीला आहे," मी म्हणाले.

"तिचं वेगळं हो, बाई. ती बायकांची कंबर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ती कशी असते?"

ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. बाई माझ्याकडे वळल्या.

"सकाळी किती वेळ आखडतं त्यांना?"

"नऊपर्यंत," मी बोलून गेले. आणि असं वाटलं, आपणच आपल्या थोबाडीत मारून घ्यावी.

घरी येऊन सांगितलं, तर वन्संच तयार होईनात. "नको गं. परत फोटो स्वच्छ आला म्हणजे? तिथून हाकलली तेव्हा इथे आले. आता इथेही खोटी ठरले तर जाऊ कुठे?"

हेही पडल्यापडल्या म्हणाले, "एकदा झालाय ना तिचा फोटो? आणि दोघी गेलात तर धारा कोण काढणार?"

माझं डोकंच फिरलं. "तुम्ही काढा! बाईंनी हालचाल करायला सांगितलीय ना? बसा गाईखाली!"

दुसऱ्या दिवशी वन्संना घेऊन गेले. एसटीत अडीच तास त्या उभ्याच होत्या. जागा होती, पण बसवत नव्हतं. शेजारची बाई सारखी म्हणत होती, बसा की हो. मी तिच्यावरच खेकसले.

फोटो निघाला. स्वच्छ!

वन्संनी पिशवी उचलली. अशा उठल्या, जणू त्यांनीच काही चोरलं होतं.

"बसा, कुठे निघालात?" बाई म्हणाल्या. "बायकांचं फोटोत उशिरा दिसतं, पुष्कळदा दिसतच नाही. पुरुषांचं लवकर दिसतं, म्हणून त्यांना लवकर औषध मिळतं. दुखणं काही कमी नसतं. एमआरआय करू."

त्या मशीनच्या बोगद्यात सरळ पडून राहायचं, म्हणजे वन्संना सगळ्यात अवघड ते. आतून कण्हणं ऐकू येत होतं. मी दाराशी उभी राहून स्वतःलाच शिव्या घालत होते. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तेव्हा कागद आला होता. दोन्ही बाजूंच्या सांध्यांना सूज, जुनी.

"हे खरं आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला सकाळी उठता येत नव्हतं, हे खरं आहे."

वन्सं रडतील म्हणून मी पदर पुढे केला. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "हे असंच लिहून द्या. सकाळी उठता येत नव्हतं, असं."

"औषधाच्या कागदावर तसं लिहीत नाहीत."

"मग वेगळ्या कागदावर लिहा."

बाईंनी लिहिलं, खाली शिक्का मारला. वन्संनी तो कागद मला दिला नाही, पिशवीतही ठेवला नाही. एसटीत सगळी वाट हातात धरून होत्या. मला माफी मागायची होती.  शेवटी म्हणाले, "वन्सं, चुकलं माझं."

"हो," त्या म्हणाल्या. एवढंच.

घरी हे अंगणात फेऱ्या मारत होते. कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि तोंड वाईट करून म्हणाले, "अरे देवा. ताई, म्हणजे माझा आजार तुलाही झाला?"

वन्संनी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला.

"तुझा मला नाही रे," त्या म्हणाल्या. "माझा तुला झालाय."