तपासणीपुरता संसार

कुलपासारखा वाईट शेजारी नाही. त्याच्याकडं वाटीभर साखर मागता येत नाही, आणि भांडायला उभं राहावं तर ते नुसतं लोंबकळतं. नेरूळला आम्ही राहायला गेलो ते पंच्याऐंशी साल. आमच्या ओळीत डावीकडं ओळ संपेपर्यंत असलेच शेजारी होते आणि उजवीकडं नजर पोचेल तिथवर.

माझ्या नवऱ्याला रबाळ्याच्या कारखान्यात काम लागलं होतं, म्हणून महामंडळाचं बैठं घर घेतलं. एक खोली, स्वयंपाकाला कोपरा, मागं न्हाणी. आम्ही राहायला घेतलं. बाकीच्यांनी ठेवायला घेतलं. गिरगावात, परळला एका खोलीत दहा माणसं झोपतात, त्यातलाच एकजण इथं घर घेतो, त्याला कुलूप घालतो आणि परत जाऊन त्या दहात अकरावा असल्यासारखा कोपऱ्यात अंग चोरून झोपतो. का, तर भाव वाढणार! अशा माणसाला मी शहाणा म्हणणार नाही. त्यानं बँकेत पैसे ठेवावेत. बँकेला निदान पिठाच्या गिरणीची गरज नसते.

आम्हाला होती. एक गिरणीवाला आला होता जागा बघायला. ओळीतून चालत गेला, चालत परत आला आणि मला म्हणाला, "ताई, दळण कुणाचं दळू? कुलपांचं?" गेला तो गेलाच. मी वाशीच्या मार्केटात धान्य घ्यायची, तिथंच दळायची आणि डब्याचं ओझं डोक्यावर घेऊन घरी यायची. येताना एकेक कुलूप बघायची आणि मनात त्याच्या मालकाचा उद्धार करायची. मनात म्हणजे मोठ्यानंच. ऐकायला होतं कोण?

हे मालक रविवारी यायचे. बायका-पोरं, जेवणाचा डबा, सतरंजी. दार उघडायचे, भिंतीवरून हात फिरवायचे, बाजारात म्हशीच्या पाठीवरून फिरवतात तसा, आणि ऊन उतरलं की कुलपाला तेल घालून परत. आमच्या भिंतीला भिंत लागून होते ते श्यामसुंदर नाबर. फोर्टात विमा कंपनीत कारकून, राहायला गिरगावच्या चाळीत. आई, थोरला भाऊ, भावाची बायको, त्यांची मुलं, हे आणि ह्यांची बायको. घराला ते घर कधी म्हणायचे नाहीत. इन्व्हेस्टमेंट म्हणायचे.

"वहिनी, आमच्या इन्व्हेस्टमेंटवर जरा लक्ष असू द्या."

"असतं की. काल एक कुत्रं मुतून गेलं तुमच्या इन्व्हेस्टमेंटवर."

"हॅ हॅ हॅ," हसले. "तुम्ही साताऱ्याकडची माणसं रोखठोक."

अशातच महामंडळाची नोटीस लागली. घर ज्याच्या नावावर, त्यानं तिथं स्वतः राहायला पाहिजे. तपासनीस येऊन बघेल. राहताना सापडला नाही तर घर परत घेणार.

त्या रविवारी काय तारांबळ उडाली! पोटभर हसले मी. जो तो आपलं घर राहतं दिसावं म्हणून धडपडायला लागला. एकानं दोरीवर जुनी पँट वाळत घातली आणि निघून गेला. ती पँट दोन महिने वाळत होती. तपकिरी होती, पांढरी झाली. दुसऱ्यानं दारात चपलांचा जोड ठेवला, त्यात सरड्यानं बिऱ्हाड केलं. आणि जुन्या गावातली गोजरा, जी डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायला यायची, तिनं तर धंदाच उघडला. सकाळी दारापुढं पाणी मारायचं, रांगोळी काढायची, संध्याकाळी दिवा लावायचा, याचे घरामागं पैसे ठरवून घेतले. रांगोळी म्हणजे काय, चिमूट टाकून दोन रेघा ओढायच्या आणि पुढं पळायचं. सगळ्या ओळीला एकच मासा.

"गोजरे, निदान एखाद्या दारात कमळ तरी काढ," मी म्हटलं.

"कशाला? कुलपाला कमल नि मासा येकच हाय."

नाबर मात्र स्वतःला जास्त हुशार समजत. "वहिनी, हे लोक पकडले जाणार," मला म्हणाले. "नाटक करायचं तर पक्कं करावं." पुढच्या रविवारी ते बायकोलाच घेऊन आले. एक स्टोव्ह, चार भांडी, एक गादी आणि चारुलता. सामान उतरवलं तसंच तिलाही उतरवलं.

"तपासणी होईपर्यंत इथं राहायचं," ते तिला सांगत होते आणि मी भिंतीपलीकडं ऐकत होते. भिंती कसल्या, पापड. "आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न. मी रविवारी येत जाईन. आणि हे बघ, खिळा एकही ठोकायचा नाही. पुढच्या गिऱ्हाईकाला भोकं दिसतात. फोडणी देताना दार उघडं ठेव, भिंत पिवळी होते. मासे तर तळूच नकोस."

मग खाऊ काय, असं ती विचारेल म्हणून मी कान लावून उभी. ती काहीतरी बोलली, पण मला ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तेव्हा कारण कळलं. बाई कुजबुजत बोलायची. माझ्याशी, भर दुपारी, आजूबाजूला चिटपाखरू नसताना.

"घसा बसलाय का?"

"नाही हो पुतळाताई. सवय." परत कुजबुजत. "आमच्याकडं सगळे एकाच खोलीत ना. लग्न झाल्यापासून यांच्याशी जे काही बोलायचं ते असंच."

"मग आता बोल की मोठ्यानं. नवरा गिरगावात, सासू गिरगावात. अडतंय कुठं?"

तिनं दाराबाहेर बघितलं. मग एकदम, "आआआ!" असं ओरडली. पलीकडच्या गवतातून बगळा उडाला. ती घाबरून माझ्याकडं बघायला लागली, आणि मग दोघी अशा हसलो की चहा सांडला.

त्यानंतर बाईनं थांबायचं नाव घेतलं नाही. स्टोव्हला शिव्या घालायची, गाणी म्हणायची, गादीवर आडवी, तिरकी, उलटी झोपून बघायची. "ताई, आज पाय लांब करून झोपले. कुणाच्याही डोक्याला लागले नाहीत!" हे तिनं मला एवढ्या आनंदानं सांगितलं की मला राग आला. तिच्यावर नाही. ज्यांच्यामुळं एवढ्याशा गोष्टीचा एवढा आनंद होतो त्यांच्यावर.

मग एक दिवस तिनं आमचा हातोडा मागितला. पहिला खिळा ठोकला तो अर्ध्यातच वाकडा गेला. दुसरा सरळ गेला. आठवड्यात भिंतीवर आरसा आला, पिशव्या आल्या, चाळणी आली. गोजराकडनं तिनं बोंबील घेतले, तळले, तेही दार लावून. मागच्या अंगणात अळू लावलं. पहाटे पाणी यायचं तेव्हा तिची बादली माझ्या आधी नळाखाली असायची, आणि त्यावरून आमचं पहिलं भांडण झालं. कडाक्याचं! मला फार बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी भांडायला माणूस मिळालं होतं.

तपासनीस काही येईना. आठ दिवस झाले, पंधरा झाले, महिना झाला. रविवारी नाबर यायचे आणि आईचा निरोप आणायचे. आईचं, म्हणजे यशोदाबाईंचं, म्हणणं, पीठ मळायला माणूस नाही, थोरलीचे हात दुखतात, सुनेला कधी आणतोस?

"तपासनीस आलेच नाहीत अजून," चारुलता म्हणायची. चेहरा असा पाडायची की मीच फसावं. आणि नाबरांची पाठ वळली की माझ्याकडं यायची. "ताई, तो मेला न येवो. एकदा येऊन सही करून गेला की माझी गादी गुंडाळली."

असा प्रकार होता. नवरा तपासनीस यावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला, आणि बायको तो येऊ नये म्हणून. दोघांचा देव एकच, गिरगावातला गणपती. त्यानं तरी काय करावं?

शेवटी नाबर उठले आणि महामंडळाच्या कचेरीत जाऊन तपासनिसाला म्हणाले, साहेब, एकदा रविवारी या हो, आम्ही राहतोय, बघून जा. आता ज्याच्याकडं लोक तोंड लपवतात त्याला कुणी आपण होऊन आमंत्रण दिलं तर तो संशय घेणार नाही का? तो दुसऱ्याच रविवारी हजर. मध्यम वयाचा, घामेजलेला, काखेत पिशवी. माझ्याच ओट्यावर पाणी प्यायला आणि माझ्याच समोर नाबरांच्या दारात उभा राहिला. मी धुणं घेऊन बाहेरच बसले. धुणं कोरडं होतं, पण कोण बघतंय?

"या, या साहेब!" नाबर लेंगा-बनियनवर होते. मुद्दाम. "हे आमचं घर. मी, मिसेस. सुटसुटीत संसार."

तपासनीस आत गेला. आरसा बघितला, चाळणी बघितली, नाकानं हवा ओढली. "बोंबील?"

"छे छे!" नाबर म्हणाले.

"हो," चारुलता म्हणाली.

"घर तर राहतं दिसतंय." तपासनीस नाबरांकडं वळला. "पाणी किती वाजता येतं हो तुमच्याकडं?"

नाबरांनी लेंगा वर ओढला. मग मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "साहेब, खोटं का बोलू? महामंडळाची कृपा आहे. चोवीस तास!"

चारुलतानं डोळे मिटले. मी पिळलेला कोरडा टॉवेल पुन्हा पिळला.

"चोवीस तास," तपासनीस म्हणाला. "मी वाशीत राहतो. मला तासभर येतं. तुमच्याकडंच राहायला यावं म्हणतो."

तेवढ्यात गोजरा पाटी घेऊन आली. "चारूताय, वाकट्या हायेत, घेशील का?"

तपासनिसानं तिला थांबवलं. "बाई, ह्यांना ओळखता?"

गोजरानं नाबरांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "ह्यो व्हय? पाव्हना हाय. रईवारी येतो नि जेवून जातो."

"मी पाहुणा? मी मालक आहे!" नाबर किंचाळले.

"मालक असशील रे बाबा. तुला वलखते म्हनून चुकीचं थोडंच सांगू?"

तपासनीस दारातच बसला. त्यानं पिशवीतून कागद काढले, पण लिहिलं काही नाही. "नाबर, मी रोज हेच बघतो. दोरीवर पँटी बघतो. दारात मासे काढलेले बघतो. एकानं तर मेहुणीला आणून ठेवली होती, आणि तिला त्याचं आडनाव आठवेना. तुमची बायको इथं राहते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण घर तुमच्या नावावर आहे. राहायला तुम्ही पाहिजे."

"राहतोच की! विचारा तिला!"

तपासनीस चारुलताकडं वळला. "बाई, तुम्ही सांगाल ते लिहितो. हे इथं राहतात?"

हो म्हणाली की सही, आणि संध्याकाळी गादी गुंडाळून गिरगाव. नाही म्हणाली की घरच जाणार. दोन्हीकडून तीच मरणार होती. नाबर तिला डोळ्यांनी खुणावत होते. एवढे खुणावत होते की डोळ्यात काही गेलं असावं असं वाटलं.

ती बोलली. कुजबुजत नाही. पार कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल असं.

"राहत नाहीत साहेब. उद्यापासून राहणार आहेत."

"चारू!"

"आज सामान आणायला जातील. ह्यांची ट्रंक, ह्यांचं अंथरूण. तुम्ही आज सही करू नका."

"करू नको?" तपासनिसानं टोपी वर सरकवली. आजवर त्याच्या पाया पडून सही मागणारे पाहिले होते त्यानं.

"तपासणी अपुरी राहिली असं लिहा. पुढच्या महिन्यात परत या. त्याच्या पुढच्याही. कधीही या, न सांगता या, मंगळवारी या, पहाटे पाण्याच्या वेळी या. हे इथं नसले तर घर काढून घ्या. मी स्वतः किल्ली देईन."

"अगं, वेड लागलं का तुला? आई काय म्हणेल?"

"आईंना म्हणावं, इन्व्हेस्टमेंट वाचवायची तर इलाज नाही. हेच कारण पुढं करा की. मी पण एवढे दिवस तेच सांगत होते."

मी टॉवेल टाकून टाळी वाजवली. चुकून नाही, मुद्दाम. नाबरांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच तिला पढवलं होतं. पढवलं नव्हतं. पढवायचं सुचलं असतं तर सोडलं नसतं.

तपासनीस हसत नव्हता, पण लिहिताना त्याची मिशी हलत होती. "फेरतपासणी आवश्यक," त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. "कधी ते मी ठरवीन. नाबर, साबण-टॉवेल घेऊन या." मग गोजराच्या पाटीतल्या वाकट्या निरखल्या, आणि तिनं सांगितलेला भाव ऐकून त्या न घेताच निघून गेला.

त्या संध्याकाळी नाबर गिरगावला गेले ते पाय आपटत. मला वाटलं, येत नाही आता हा. बायको गेली तरी चालेल, पण आईचा शब्द मोडणार नाही. दुसऱ्या संध्याकाळी चारुलताही दारात बसून होती. तिनं स्वयंपाक दोघांचा केला होता आणि तो निवत होता. "नाही आले तर?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "तर मी जेवीन."

ऑफिस सुटून, अंधार पडल्यावर ते आले. मानखुर्दवरून बस मिळाली नव्हती, टेम्पोत कांद्याच्या गोण्यांवर बसून आले होते. हातात ट्रंक, खांद्यावर वळकटी, बुटांना चिखल, केसांत कांद्याची सालं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. दार लागलं. जेवणाच्या भांड्यांचा आवाज. मग फाट्‌कन आवाज आला, मग आणखी एक, आणि भिंतीपलीकडून नाबर गर्जले, "अगं, हे डास आहेत का चिमण्या? महामंडळ झोपलंय काय? उद्या जाऊन एकेकाला धरतो! इथं माणसं राहतात म्हणावं!"

मी नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"आला बघ राहायला," मी म्हटलं.