काळ्या जोडीच्या पितळी पट्ट्या

बाबांना घरी गाणं ऐकायला मोठे, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर घेऊन द्यायचे, असं थोरल्याने जेवताना जाहीर केलं. धाकटीला आधी संशय आला आणि मग संशयाची लाज वाटली. बाबांनी जन्मभर लोकांचे पियानो सुरात लावले होते, पण स्वतःच्या घरात त्यांनी गाणं ऐकलं ते खरखरणाऱ्या रेडिओवर. मुलाला उशिरा का होईना सुचलं, तर त्यात कशाला नाक खुपसा?

पण घरात बरेच दिवस किल्लीवरून धुसफूस चालू होती. पियानोच्या तारा पिळायची ती लाकडी मुठीची किल्ली बाबांच्या कोटाच्या आतल्या खिशात असे. सभागृहातला मोठा पियानो आजवर तेच लावत आले होते. आता तिथला व्यवस्थापक थोरल्याच्या कानाशी लागला होता की वरच्या सुरांत काहीतरी बिनसतंय. थोरलाही पियानो लावायचा, पण मोबाइलच्या पडद्यावरची सूर दाखवणारी सुई बघून.

"सुईला कान असतात का रे?" बाबा विचारायचे.

"सुईचं वय होत नाही, बाबा. माणसाला वयानुसार बारीक सूर ऐकू येईनासे होतात. सगळ्यांनाच."

"सगळ्यांचं सोड. माझे कान गेलेत हे दाखवून दे. त्याच दिवशी किल्ली तुझ्या हातात."

हे भांडण तिथेच थांबलं आणि मग स्पीकरचा विषय निघाला.

धाकटी भौतिकशास्त्र शिकून यंत्रांचा गोंगाट मोजणाऱ्या प्रयोगशाळेत लागली होती. दुकानात दोन स्पीकर ऐकताना जरा मोठ्याने वाजणारा नेहमी जिंकतो, म्हणून आधी दोन्हींचा आवाज सारखा करायला हवा, हे तिनेच थोरल्याला सांगितलं होतं. "मग तूच चल," तो म्हणाला. ती आवाज मोजायचा मीटर घेऊन गेली.

दुकानाच्या मागच्या खोलीत जाड पडदे आणि एक सोफा होता. समोर कमरेपेक्षा उंच दोन जोड्या उभ्या होत्या, एक काळी, एक लाकडी रंगाची. किंमत जवळपास सारखी. बाबा बाहेर दुकानदाराचा चहा पीत बसले होते. धाकटीने सोफ्याच्या जागी मीटर धरला आणि सगळे सूर सारख्या प्रमाणात असलेला तो कंटाळवाणा सरसर आवाज लावला. मीटरवर लाकडी जोडीची रेघ टोकापर्यंत गेली. काळ्या जोडीची रेघ अर्ध्या वाटेवर कड्यावरून पडल्यासारखी खाली आली.

ती काळ्या जोडीच्या मागे जाऊन गुडघ्यांवर बसली. तारा जोडायला प्रत्येक स्पीकरला चार स्क्रू होते: खालचे दोन जाड सुरांसाठी, वरचे दोन बारीक सुरांसाठी. एरवी खालच्या-वरच्या स्क्रूंना पितळी पट्ट्या जोडतात. इथे त्या नव्हत्या. बारीक सुरांचा भाग मुका होता.

"दादा, पट्ट्या लावायच्या राहिल्यात—"

"राहिल्या नाहीत. मीच काढायला सांगितल्या." थोरल्याने दार लोटून घेतलं. "ऐकून घे. बाबांना फरक कळला, तर मी पुन्हा किल्लीचं नाव काढणार नाही. नाही कळला, तर त्यांनी आपला शब्द पाळायचा."

"म्हणजे हे स्पीकर..."

"स्पीकर घेणारच आहे गं! फुकट नाही फसवत."

"सरळ कानाच्या डॉक्टरकडे ने ना."

"येतील ते? घरात आरसा दाखवला की आरसाच वाकडा. इथे त्यांचं तेच निवडतील."

तो बाबांना बोलवायला गेला. काढलेल्या पट्ट्या कपाटावर बशीत पडल्या होत्या. धाकटीने फारसा विचार केला नाही. चारही पट्ट्या तिने जागेवर सरकवल्या, स्क्रू पिळले आणि आवाज पुन्हा मोजला. आता काळी रेघही टोकापर्यंत गेली. दोन्ही जोड्यांचा आवाज तिने सारखा केला आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. प्रयोगात फसवणूक उरली नव्हती. प्रयोगच उरला नव्हता.

बाबा सोफ्यावर बसले, कोटाची बटणं सोडून, डोळे मिटून. एकट्या पियानोची रेकॉर्ड लागली. दुकानदार बटण दाबून कधी ही जोडी, कधी ती वाजवत होता.

काळी वाजू लागली तसा थोरला धाकटीच्या कानाशी कुजबुजला, "गोधडीखालून आल्यासारखं वाटतंय. शेंबड्या पोरालाही कळेल."

"फरक जमीन-अस्मानाचा आहे," दुकानदारही हळूच म्हणाला. पट्ट्या त्यानेच काढल्या होत्या.

धाकटीने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच गोधडी ऐकू येत होती. तिला हसू आलं, आणि पट्ट्यांचं सांगायचं राहून गेलं.

बाबांनी डोळे उघडले. "काळी. लाकडी जोडीत पियानो मांडीवर येऊन बसतो. काळीत तो आपल्या जागेवर राहतो. आणि वरचे सूर टोचत नाहीत."

"टोचतील कसे?" थोरल्याला दम धरवला नाही. "बंद आहेत ते! बाबा, काळीतला वरचा अर्धा भाग मी बंद करून ठेवलाय. तुम्ही एवढा वेळ मुके स्पीकर ऐकलेत आणि तेच बरे म्हणालात."

खोलीत पियानो वाजतच राहिला. बाबांनी स्पीकरकडे पाहिलं, जणू डोळ्यांनी काही कळेल. मग मान किंचित वळवून पुन्हा ऐकलं. चेहरा हळूहळू उतरत गेला. "हो," ते म्हणाले. "आता तू सांगितल्यावर... जरा दबल्यासारखं येतंय खरं."

त्यांनी आतल्या खिशातून किल्ली काढून सोफ्यावर ठेवली.

"बाबा, थांबा!" धाकटी पुढे झाली. "काही बंद नाहीये. पट्ट्या मी मघाशीच लावल्यात. मागे येऊन बघा."

थोरला मागे जाऊन वाकला. उठला तेव्हा कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "तुला कोणी सांगितला होता नसता शहाणपणा?"

"गोधडी कुठे गेली, दादा? तुम्हा दोघांचेही कान बघायला हवेत."

दुकानदार उगाच तारा गुंडाळू लागला.

"पियानो तुम्हीच लावा, बाबा," धाकटीने किल्ली त्यांच्यापुढे धरली. "चुकला तो दादा. तुम्ही बरोबर ऐकलंत."

बाबांनी हात पुढे केला नाही. "त्याने काय ऐकलं ते सोड. तो सुई बघून काम करतो, त्याचं काही अडत नाही. तो बंद म्हणाला आणि मला बंद ऐकू आलं. मागे जाऊन बघतो, असंही म्हणालो नाही मी. दुसऱ्याच्या सांगण्यावर ज्याचा कान फिरतो, त्याने लोकांचे पियानो लावू नयेत."

"पण हे सगळ्यांचंच होतं, बाबा. कुणालाही फसवता येतं असं."

"मला येत नव्हतं."

ते उठले आणि कोटाची बटणं लावू लागले. थोरल्याने धाकटीच्या हातून किल्ली घेतली. नको म्हणावं असं त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर आलं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "काळीच बांधून द्या," तो दुकानदाराला म्हणाला.

स्पीकर घरी आले. सभागृहाचा पियानो थोरला सुई बघून लावू लागला आणि व्यवस्थापकाची तक्रार थांबली. रोज संध्याकाळी बाबा समोरच्या खुर्चीत बसत.

"पट्ट्या आहेत ना गं?" ते विचारत.

"आहेत, बाबा."

"नक्की?"

"नक्की."

मग ते मान डोलवत ऐकत. एका संध्याकाळी धाकटी कामावरून आली तेव्हा रेकॉर्ड चालू होती आणि खुर्ची रिकामी होती. बाबा काळ्या स्पीकरच्या मागे भिंतीशी ओणवे झाले होते आणि पितळी पट्टी जागेवर आहे की नाही, ते बोटाने चाचपून बघत होते.