उचललेली चटई

"याकोपो, माझ्या पायऱ्यांशी हे काय आणून ठेवलंय?"

साहेबांनी छत्रीच्या टोकाने दाखवलं. पायऱ्यांखालच्या गवतात केवड्याच्या पातीची, रेशमासारखी मऊ चटई एका माणसाला पूर्ण झाकून पसरली होती. कडेला लाल पिसं, पुढ्यात जळाऊ लाकडं आणि काळे दगड. मागे वीस-बावीस माणसं माना खाली घालून बसलेली. उजाडायच्या आधीपासून बसलेली, आणि आता आठ वाजून गेले होते.

याकोपो दुभाष्या. बावीस वर्षं सामोआ बेटांवरच्या आपिया शहरातल्या या सरकारी कचेरीत त्याने साहेबांचं इंग्रजी सामोअन लोकांना आणि सामोअन लोकांचं म्हणणं साहेबांना पोचवलं होतं. साहेब सहा बदलले, याकोपो तोच. पोचवताना तो दोन्हीकडचे काटे काढून टाकायचा. साहेब म्हणायचे, "या मूर्ख म्हाताऱ्याला घालवून दे," आणि याकोपो म्हणायचा, "साहेबांना तुमच्या वयाचा मान आहे, पण आज त्यांना वेळ नाही." आजवर कुणाचं डोकं फुटलं नव्हतं, आणि याचा त्याला मनातून केवढा तरी अभिमान होता!

चटईखाली कोण आहे हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याच्याच गावचे मुखिया, लाउवाओ. मागे त्यांची धाकटी बहीण फुआतिनो आणि तिची तीन मुलं. तिचा नवरा लिन, चीनमधून कोकोच्या मळ्यावर करारावर आलेला मजूर. चिनी मजुराने सामोअन बाईच्या घरात राहायचं नाही, लग्नाचं तर नावच नको, असा सरकारचा कायदा. आणि लिन सोळा वर्षं राहिला होता. आता दुसरं महायुद्ध संपलं होतं. उरलेल्या चिन्यांना परत न्यायला बोट येणार होती. त्यांची यादी याकोपोनेच टाइप केली होती. लिनचा नंबर चारशे बारा.

"ते माफी मागतायत, साहेब. लिनने कायदा मोडला, म्हणून त्याच्या सासरची माणसं आलीत."

"आणि दगड कशाला?"

"म्हणजे, आम्ही तुमच्या हातात आहोत. भट्टी लावून भाजून खायचं तरी खा. जुनी रीत आहे."

साहेब हसले. नवे होते, माणूस म्हणून वाईट नव्हते. "या उन्हात आत जिवंत माणूस आहे?"

खरी गोष्ट तर पुढेच होती. ज्याचा अपराध केला त्याने चटई उचलली, की माफी मिळाली. मग त्या गोष्टीचा पुन्हा उच्चारसुद्धा करायचा नाही. याकोपो वाक्य जुळवत होता. बावीस वर्षांच्या सवयीने, नीट, गुळगुळीत. तेवढ्यात साहेब दोन पायऱ्या उतरले, वाकले, आणि आत काय आहे ते बघायला दोन्ही हातांनी चटई उचलली.

घामाने निथळणारा लाउवाओंचा चेहरा वर झाला. मागे एकदम रडं फुटलं. म्हातारे पुरुष हुंदके देत होते, बायका पोरांना कवटाळत होत्या. लाउवाओ उठून मोठ्या आवाजात भाषण करू लागले.

"काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं.

"आभार मानतायत."

"कशाचे?"

"तुम्ही... स्वतः खाली उतरून आलात, त्याचे."

"बरं, बरं. विणकाम सुरेख आहे," असं म्हणून साहेब वर निघून गेले.

आत्ता सांगितलं तर साहेब जागच्या जागी नाही म्हणतील, असं याकोपोला वाटलं. चार दिवस जाऊ देत, चहानंतर, मूड बघून सांगू. मूड दोनदा छान लागला. दोन्ही वेळा याकोपो टपालाचं काहीतरी विचारून बाहेर आला.

रविवारी चर्चनंतर फुआतिनो भाजलेलं डुक्कर घेऊन त्याच्या घरी आली. मागे लिन, खांद्यावर अळकुड्यांची टोपली.

"दादा, तुमचा साहेब आमच्याहून पक्का सामोअन निघाला हो! वेळसुद्धा लावला नाही. आमचे लाउवाओ कुणाला माफ करायचं तर दुपारपर्यंत तंगवतात."

"अगं, एवढं कशाला आणलंस?"

"असू दे. तुम्हीच पटवलं असणार त्याला. नाही म्हणू नका. खरं सांगू? माफी नसती मिळाली तर याला पलीकडच्या सवाई बेटावर पळवायचं ठरलं होतं. मामाची होडी तयार होती. तिथल्या डोंगरात कोण शोधतंय! आता परत पाठवली होडी."

"बरं झालं," लिन मान खाली घालून म्हणाला. "होडीत मला ओकारी येते."

"बघा! सोळा वर्षं बेटावर राहतोय, आणि होडीत बसला की तोंड हिरवंगार!"

सगळे हसले. याकोपोही हसला. "बरं झालं," असं तोही म्हणाला.

नवव्या दिवशी पोलिसांनी लिनला परसातून उचललं. त्याचे हात चिखलाने भरलेले होते, ते धुवायलाही त्याला थांबू दिलं नाही.

धक्क्यावर साहेब यादी घेऊन उभे होते, शेजारी याकोपो. फुआतिनो गर्दी कापत आली. ती ओरडली नाही. याकोपोला वाटलं, ओरडली असती तर बरं.

"दादा, त्याने चटई उचलली की नाही? तुम्ही तिथेच होतात."

"उचलली."

"मग? आमची होडी तयार होती, दादा."

"काय म्हणतेय ती?" साहेब म्हणाले.

याकोपोने एकही काटा काढला नाही. "ती म्हणतेय, तुम्ही चटई उचललीत, म्हणजे माफ केलंत. त्या भरवशावर त्यांनी त्याला लपवलं नाही. आता शब्द का मोडलात?"

"चटई? अरे, ती तर मी नुसती..." साहेब थांबले. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "असं असतं, हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"काय म्हणाला?" फुआतिनोने विचारलं.

याकोपोने तिच्याकडे बघितलं. दुसरं काहीही सांगता आलं असतं. तो बोटीचं सांगू शकला असता, कायद्याचं सांगू शकला असता.

"ते विचारतायत, चटई उचलण्याचा अर्थ मी त्यांना का नाही सांगितला. ते नुसते बघायला उतरले होते, फुआतिनो. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

आणि सरकारी पांढऱ्या कोटासकट तो धक्क्याच्या तापलेल्या फळ्यांवर मांडी घालून बसला. मान खाली. अंगावर पांघरायला काही नव्हतं.

"ऊठ, याकोपो, हे काय?" साहेब पुटपुटले. तो उठला नाही. शेवटी त्यांनी स्वतःच यादी वाचली. "चारशे बारा."

"आहे," लिन म्हणाला, आणि शिडी चढू लागला.

फुआतिनो याकोपोसमोर क्षणभर उभी राहिली. तिची सावली त्याच्या गुडघ्यांवर पडली होती. मग धाकट्याला कडेवर घेऊन ती त्याला वळसा घालून कठड्याकडे धावली, कारण लिन वर पोचला होता आणि गर्दीत तिला शोधत होता.