वजन सारखं धरलं तर

हरेश पाटलाचा फोन आला तेव्हा संध्या म्हात्रे हमरापूरच्या कारखान्यात गणपतीचा साचा उघडत होती. हात ओले होते, म्हणून तिने फोन खांद्यावर मान वाकवून धरला.

"वहिनी नाय म्हणणार आज. चॅम्पियन म्हणणार!" हरेश ओरडलाच.

रोह्याच्या कुंडलिका बॉक्सिंग क्लबचा हरेश सचिव. क्लबला पंचवीस वर्षं झाली, रविवारी कार्यक्रम ठरलेला. त्यात एक नवीन टूम काढली होती. क्लबमधली पोरं रोज मोबाईलवर जगातल्या बॉक्सरांच्या याद्या बघून भांडायची, वजन सारखं धरलं तर सगळ्यांत मोठा कोण. हरेशला वाटलं, जगाचं कशाला, आपल्याच क्लबचं ठरवू. पंचवीस वर्षांतले सगळे बॉक्सर घ्यायचे, मुलगे आणि मुली, अठ्ठेचाळीस किलोपासून थेट हेवीवेटपर्यंत, आणि त्यातून एक निवडायचा. जिल्ह्याच्या सुवर्णाला पाच गुण, राज्याच्या सुवर्णाला दहा, बाकी पदकांना त्याखालोखाल.

"तुझे किती झाले माहित हाय? पंच्याहत्तर! दुसरी शीतल वाघमारे, तिचे अठ्ठेचाळीस. बॅनर छापायला गेला पण."

संध्या म्हणाली, "बरं."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीला कळलं. तिचा नवरा जितेश डोलवीला कंपनीत कंत्राटावर क्रेन चालवायचा. त्याने शिफ्टमधूनच तिचा जुना फोटो स्टेटसला ठेवला, मेडल गळ्यात, हात वर. घरी येताना पेढे आणले. "अकरा जणींना लोळवलंय हिनं," असं तो शेजारच्यांना सांगत होता. संध्या आत भाकऱ्या थापत होती. तव्यावरची एक करपली.

अकरा सुवर्णपदकं खरी होती. पण त्यातली सात कशी मिळाली, हे जितेशला ठाऊक नव्हतं. लग्नाआधीची गोष्ट. संध्या एक्क्याऐंशी किलोच्या वरच्या गटात खेळायची आणि त्या गटात पोरीच नसायच्या. जिल्ह्याला तर कधी दुसरी आलीच नाही. ती ग्लोव्हज घालून रिंगमध्ये चढायची. समोरचा कोपरा रिकामा. घंटा व्हायची, पंच तिचा हात धरून वर करायचा, लोक थोड्या टाळ्या वाजवायचे आणि ती खाली उतरायची. वॉकओव्हर. अंगाला घामसुद्धा नसायचा. सर्टिफिकेटावर मात्र 'प्रथम क्रमांक' लिहिलेलं असायचं, आणि सात वॉकओव्हर झाल्याचं घरात सांगावं असं तिला कधी वाटलं नाही. मग सांगायची वेळही निघून गेली.

बुधवारी तिने एका मूर्तीचा कान घासता घासता पार सपाट केला. गुरुवारी ती दोनदा हरेशला फोन लावायला गेली आणि दोन्ही वेळा रिंग वाजायच्या आत कापला. बसावं तर बसवेना, झोपावं तर पाय हलायचे. शुक्रवारी दुपारी तिने कारखान्यात सुट्टी सांगितली आणि पेणच्या स्टँडवरून रोह्याची एसटी पकडली. नागोठण्यापर्यंत खिडकीशी जागा होती, तरी ती उभीच राहिली.

सायमन रोहेकर सरांचं घर पुलापलीकडे अष्टमीला. क्लब त्यांनीच काढला. कोकणातले बेने इस्रायल ज्यू, वय चौऱ्याहत्तर, बायको गेलेली, मुलगी मिरियम इस्रायलला. ती दर वर्षी बोलवायची आणि सर दर वर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचे. संध्या पोचली तेव्हा ते पडवीत बसून वहीत काहीतरी लिहीत होते.

"ये. पण लवकर बोल," सर म्हणाले. "आज शुक्रवार. दिवस मावळला की आमचा विश्रांतीचा शब्बाथ लागतो, मग मी पेन धरणार नाही. आणि हे मला आज संपवायचंय."

संध्याने चप्पल काढली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "सर, माझं नाव काढा. पहिल्या नंबरला मी नको. तुम्हाला माहित हाय माझी मेडलं कशी आली ती. मला शरम वाटते."

सरांनी चष्मा काढला. "कोण म्हणालं तू पहिली?"

"हरेश."

"हरेशचं गणित वेगळं, माझं वेगळं. तो मेडलं मोजतो. माझ्या वहीत तू चौथी आहेस."

ती पेणहून एवढ्या लांब नाव काढून घ्यायला आली होती. खरं तर तिला हलकं वाटायला हवं होतं. पण 'चौथी' शब्द कानात गेला आणि तिचे कान तापले.

"चौथी? का?"

सर हसले नाहीत. वही तिच्याकडे फिरवली. पहिली शीतल वाघमारे, अठ्ठेचाळीस किलो. दुसरा काळुराम पवार, सत्तावन्न किलो, जो पुढे सैन्यात गेला. तिसरा अमोल, चौसष्ट किलो. मग ती.

"मी काय करतो," सर म्हणाले, "डोळे मिटतो आणि सगळ्यांना एकाच वजनाचं करतो. तुझी ताकद काढून घेतो, शीतलला तुझ्याएवढी उंची देतो. मग बघतो, पाय कोणाचे चालतात, मार खाल्ल्यावर कोण विचार करतं, पुढचा काय करणार हे कोणाला आधी कळतं. शीतल एकसष्ट लढती खेळली. तिच्या गटात राज्याला सोळा-सोळा पोरी. तीन दिवसांत चार बाउट. तू आयुष्यात किती खेळलीस?"

"नऊ."

"नऊ. त्यातल्या तीन हरलीस."

"समोर कोण आलंच नाय, त्यात माझा काय गुन्हा?" संध्याचा आवाज चढला. सरांशी ती अशी कधीच बोलली नव्हती. "मी तयारी करत नव्हते काय? पहाटे पाचला पळत नव्हते? सोळा पोरी मला मिळाल्या असत्या तर मी बी खेळले असते. आणि ताकद काढून घेतो म्हणता. ती कशी काढून घेता? ती माझीच ना? शीतलचे पाय तिचे, तसं माझं वजन माझं."

पुलावरून एक टेम्पो गेला. "हा मुद्दा आहे," ते शेवटी म्हणाले. "पण मी जे पाहिलं नाही ते कसं मोजू? नऊ लढतींत जेवढी दिसलीस तेवढी चौथी आहेस. आणि ती जागा सोन्यामुळे नाही. कोल्हापूरला पुण्याच्या पोलीस पोरीशी हरलीस ना, त्या लढतीमुळे. दुसऱ्या फेरीत तू जे डावं काढत होतीस, ते मी तुला शिकवलेलं नव्हतं."

नमस्कार करून ती निघाली, पण स्टँडकडे गेली नाही. पुलावर दोन चकरा मारल्या. हार मानवत नव्हती आणि सरांचं खोटंही वाटत नव्हतं. शेवटी तिने रिक्षा केली आणि धाटावच्या अलीकडच्या कातकरी वाडीवर शीतलकडे गेली.

शीतल एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला होती. नुकतीच ड्युटीवरून आलेली, अंगात युनिफॉर्मचा निळा शर्ट आणि खाली परकर, चुलीपुढे बसून सुकी मासळी भाजत होती. अजूनही काडीसारखी.

"आली गो माझी पहिलवान!" ती उठली. "हरेशनं मला काय सांगितलंय माहित हाय? रविवारी तुला शाल मी घालायची."

"तू?"

"व्हय. म्हणाला, फोटो भारी येईल. हत्ती आन् मुंगी."

संध्याला हसूही आलं आणि रागही. ती खाटेवर बसली. "शीतल, मला खरं सांग. तुला राग नाय आला?"

"कसला? मला तुझा राग एकदाच आला होता. नाशकात." शीतलने मासळी उलटली. "वजनाच्या दिवशी मी दोन दिवस उपाशी. अठ्ठेचाळीसात बसायला थुंकून थुंकून सातशे ग्रॅम उतरवत होते. तोंडात थुंकी नव्हती उरली. आन् तू समोर बसून वरण-भात खात होतीस, लिंबू पिळून. मला वाटलं, हिचं ताट हिच्या डोक्यावर उपडं करावं."

"मला माहितच नव्हतं."

"तुला कसं माहित असणार? तुला वर वजनाची अटच नव्हती."

मग संध्याच्या तोंडून ते निघालं; हेच सांगायला आपण आलोय, हे तिलाही आधी ठाऊक नव्हतं. "सरांच्या वहीत तू पहिली हायस."

शीतलचा हात थांबला. "सर बोलले? तोंडानं?"

"लिहिलंय. वाचलं मी."

"मला बारा वर्षांत एकदा पण चांगलं नाय म्हणाले." शीतल चुलीकडे तोंड करून बराच वेळ लाकडं उगाच मागेपुढे करत राहिली. मासळी काळी पडत चालली तरी तिचं लक्ष नव्हतं. तिचे खांदे बघून संध्याला कळलं, की ही रडतेय. आणि तिच्यासाठी बरं वाटत असतानाच आपल्याला हेवा वाटतोय, हेही कळलं. दोन्ही एकदमच होतं. कोणतंच कमी होईना.

घरी पोचल्यावर तिने हरेशला फोन केला. तो म्हणाला, बॅनर आलाय, पाहुणे ठरलेत, आता बदल नाय. "मग पदकं वाचशील तेव्हा वॉकओव्हर किती तेही वाच," ती म्हणाली. हरेशने साफ नकार दिला. कार्यक्रमाची शोभा जाते म्हणे.

रविवारी रोह्याच्या हॉलमध्ये दीडशे माणूस होतं. जितेश दुसऱ्या रांगेत, नवीन शर्टात, मोबाईल उभा धरून. शीतलने टाचा उंच करून शाल घातली, फोटो निघाले. हरेश 'दोन शब्द' म्हणाला आणि संध्याच्या हातात माईक आला.

"मला अकरा सुवर्ण हायत," ती म्हणाली. "त्यातली सात मी न लढता घेतली. समोर कोण नव्हतंच. हे मी माझ्या घरात पण सांगितलेलं नाय, आज सांगते. बस."

हरेश पंख्याकडे बघत होता. जितेशचा मोबाईल हळूहळू खाली आला. मग मागून शीतलने दोन बोटं तोंडात घालून सणसणीत शिट्टी मारली, आणि पोरं टाळ्या वाजवायला लागली. शाल संध्याने ठेवून घेतली. परत करायचं नाटक तिला जमलं नसतं.

चहाच्या वेळी जितेश जवळ आला. "मला का नाय सांगितलंस?"

"तुम्ही अकरा जणींना लोळवलं म्हणून सांगत होता. कसं सांगू?"

"फायनलच्या चार जणींना तरी लोळवलंस ना?"

"तिघींना. चौथी स्वतःच घसरली." तो हसायला लागला, पण डोळ्यांतलं दुखावलेपण लगेच गेलं नाही. ते जायला पुढे आठवडा लागला.

तेवढ्यात एक थोराड बांध्याची मुलगी कप हातात घेऊन समोर येऊन उभी राहिली. क्लबचीच, माणगावहून येणारी दर्शना ठाकूर, वय एकोणीस, जिल्ह्याची सध्याची हेवीवेट विजेती. तिचाही आज सत्कार झाला होता.

"ताई, माझी तिन्ही तशीच," ती एकदम म्हणाली. "तीन वर्षं झाली. मला अजून कुणी मारलं पण नाय. मला कळतच नाय मी खेळते कशी."

संध्याने हातातला कप खाली ठेवला. मग वळून तिने हरेशला हाक मारली. "खुल्या गटात वय किती चालतं रे?"

"चाळीस. का?"

"मी चौतीस. माझं नाव लिही."

पुढचे पाच आठवडे ती पहाटे पेणच्या रस्त्यावर पळाली. जितेश मागून मोटरसायकलवर, दम लागला की पाण्याची बाटली पुढे करायचा. मार्चमध्ये माणगावला जिल्हा निवड झाली. पूर्वी दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या असायच्या, आता तीन-तीन मिनिटांच्या तीन. तिसरं मिनिट तिला प्रत्येक फेरीत जड गेलं. पहिल्या फेरीत दर्शना नुसतीच घाबरून हात चालवत होती. दुसरीत संध्याने तिला डाव्या हाताने दोनदा थांबवलं आणि पोरीचे डोळे बदलले. तिसऱ्या फेरीत दर्शनाने विचार करून मारलं, आणि एक उजवा संध्याच्या गालावर असा बसला की दिव्यांच्या जागी थोडा वेळ पांढरं दिसलं. पंचांचा कौल चार विरुद्ध एक, दर्शना जिंकली. पंचाने तिचा हात वर केला तेव्हा ती हात सोडवून आधी संध्याच्या गळ्यात पडली.

खाली सायमन सर खुर्चीत बसले होते. संध्या गालावर बर्फ धरून त्यांच्यापुढे आली.

"आता दहा झाल्या, सर. कितवी?"

"पाचवी," सर म्हणाले. "चौथी कोण ते विचारू नकोस, ती अजून घामाने निथळतेय."

संध्या तोंडातलं रक्त थुंकली आणि हरेशला शोधायला निघाली. पुढची स्पर्धा कधी आहे, ते तिला आत्ताच हवं होतं.