भुशाचा बंदोबस्त

लाकूड कापताना जो माणूस पांढरा शर्ट घालतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या शेजारी असा एक नग राहतो. आयुष्यभर चष्म्याचं दुकान चालवलं, बायको गेल्यावर ते मुलाच्या हवाली केलं, आणि आता म्हणे सुतारकाम करतो. छंद म्हणून! मी पोटासाठी हेच करत आलोय, घरामागच्या गॅरेजमध्ये, दारं, कपाटं, टेबलं. आणि हा भिंतीपलीकडे छंद म्हणून फळ्या कापतो. कापेना बापडा. त्याचा काटकोन बघाल तर हसून हसून पोट दुखेल.

पण शर्ट मात्र संध्याकाळीही पांढराच.

आता माझ्याकडे बघा. कानात भुसा, खिशात भुसा, चहात भुसा. रात्री कूस बदलली तरी अंथरुणात करकर वाजायचं. बायको झाडू घेऊन दारातच उभी असायची. "अहो, आधी अंग झाडा, मग आत या." मी दोन हात झाडल्यासारखं करायचो आणि आत घुसायचो. लाकडाचं काम म्हटलं की भुसा आलाच. शिंप्याच्या घरी चिंध्या नसतात का?

एके दिवशी ती चष्मेवाल्याची शिडी परत द्यायला गेली. शिडी द्यायला किती वेळ लागतो? ही तासाभराने आली, आणि आली ती हरखूनच.

"अहो, काय स्वच्छ ठेवलंय त्यांनी! जमिनीवर ताट मांडून जेवावं. प्रत्येक मशीनला पाइप लावलाय. भुसा उडायच्या आत ओढूनच घेतो."

"सुतार आहे की दवाखान्यातला कंपाउंडर?" मी म्हणालो.

"एकदा बघून तरी या."

"मी? त्याच्याकडे? शिकायला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बरं, तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण ती दुपारी विणकाम घेऊन तिकडे जायला लागली. एक दिवसाआड, मग रोज. "भाऊजी एकटे असतात, तेवढंच त्यांनाही बोलायला कुणीतरी." भाऊजी! आणि भिंतीवरून आवाज कुणाचा यायचा, तर हिच्या हसण्याचा. आमच्या घरात ती शेवटची कधी हसली होती, हे आठवायला मला डोकं खाजवावं लागलं.

खोटं कशाला बोलू, जळफळाट झाला माझा. हातात रंधा आणि कान भिंतीला. त्या भानगडीत एका गिऱ्हाइकाच्या कपाटाचं दार मी उलट्या बाजूने बिजागरीसाठी खाचलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शिव्या घातल्या त्या मात्र मनातल्या मनात पांढऱ्या शर्टाला.

कारण पूर्वी ती माझ्याकडे बसायची हो. दाराजवळच्या खोक्यावर. लांब फळी असली की दुसरं टोक धरायची, आणि तोंडाचा पट्टा चालूच. कधी बंद झालं ते, कोण जाणे. भुशाला कंटाळली असणार, दुसरं काय? मी ठरवलं, ती परत माझ्याकडे बसली पाहिजे. चष्मेवाल्याकडे नाही, माझ्याकडे. भुशाचाच बंदोबस्त हवाय ना? करून दाखवतो. हाडाचा सुतार आहे म्हटलं मी.

जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर काढली. रंगाची प्लॅस्टिकची बादली घेतली, झाकणाला दोन भोकं पाडली. हिशोब सोपा होता: हवा बादलीत गरगर फिरते, जड भुसा तळाशी बसतो, मोकळी हवा वरून निघून जाते. मी ऐटीत बटण दाबलं. भुसा राहिला बाजूला, मोटरने बादलीच आत ओढली. फाट! बादली चेपून चपटी झाली.

बायको धावत आली. "काय फुटलं?"

"काही नाही. प्रगती आहे."

ती तोंड दाबून हसली आणि विणकाम उचलून पलीकडे गेली. आता हे तिथे रंगवून सांगणार! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी बादली फेकून पत्र्याचा डबा आणला. करवतीच्या टेबलाखाली पेटी ठोकली, जाड पाइप जोडला, जे मशीन बंद असेल त्याचं तोंड मिटायला सरकती झडप बसवली. राहता राहिली ती पिठासारखी बारीक धूळ. ती डब्यात बसायला तयार नाही, कापडी पिशवीतूनही निसटते. तेव्हा मी शेवटचा पाइप सरळ खिडकीबाहेर काढून दिला. जा म्हटलं, कुठे जायचं तिकडे.

आणि चाललं! ओळीने फळ्या कापल्या, टेबलावरून हात फिरवला, बोटाला कण लागला नाही. मी इतका खूश झालो की घरात जाऊन कपाटातला पांढरा शर्ट काढला आणि अंगात चढवला. म्हटलं, आता बोलावतो हिला.

तेवढ्यात पलीकडून हिचीच हाक आली. "अहो! बंद करा ते! अहो!"

गेलो. चष्मेवाल्याच्या अंगणात एक खुर्ची वाळत ठेवली होती, ओल्या पॉलिशची. माझ्या खिडकीतला पाइप बरोब्बर तिच्यावर रोखलेला. खुर्ची पिठात घोळल्यासारखी झाली होती. चष्मेवाला हातात फडकं घेऊन उभा, पण ओल्या पॉलिशला फडकं लावणार कसं? एवढी अक्कल त्याला होती.

"असू दे हो," तो म्हणाला. "वाळलं की घासून पुन्हा करू."

खुर्ची बुटकी होती, हात रुंद, पाठ जरा कललेली. सांधे यथातथाच. मी विचारलं, "कुणाची?"

"वहिनींसाठी करत होतो. स्टुलावर बसून त्यांचे गुडघे धरतात."

माझं डोकंच फिरलं. "माझ्या बायकोला खुर्ची लागली तर मी करीन! घरात सुतार आहे!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. माझ्या पांढऱ्या शर्टाकडेही पाहिलं. मग आमच्या गॅरेजकडे चालायला लागली. मी मागोमाग. बरं झालं म्हटलं, आयतीच आली.

"बघ," मी म्हणालो. "भुसा नको होता ना तुला? आता बघ!" करवत चालू केली, ओढायची मोटर चालू केली. दोन्ही मिळून असला दणका उठला की खिडकीच्या काचा थरथरल्या. मी फळी सारली. भुसा सुळकन पाइपात गेला. मी तिच्याकडे वळलो. तिचे ओठ हलत होते.

"काय?"

ती पुन्हा काहीतरी म्हणाली.

"जरा मोठ्याने बोल की!"

तिने हात लांब करून भिंतीवरचं मेन बटण खाली ओढलं. सगळं एकदम गप्प झालं.

"भुशासाठी नाही जात मी तिकडे," ती म्हणाली.

"मग कशासाठी?"

"मी बोलायला लागले की ते मशीन बंद करतात."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग मीही केलं असतं बंद! काय मोठंसं त्यात? एका शब्दाने सांगायचंस!"

"सांगायला आले होते की. लेक नोकरीसाठी परगावी गेली त्या आठवड्यात. घर नुसतं खायला उठलं होतं मला. इथे दारात उभी राहिले आणि विचारलं, मी बसू का इथे थोडा वेळ?"

"आणि मी काय म्हणालो?"

"वर न बघता म्हणालात, 'ठेव तिथे.'"

"अगं, मला वाटलं चहा आणलास."

"माझ्या हातात काही नव्हतं."

मी खोक्याकडे पाहिलं. त्याच्यावर मीच बिजागऱ्यांचे डबे रचून ठेवले होते. ते उचलायला हवेत हे कळत होतं, पण हात उठेना.

"किती वेळ उभी होतीस?" मी विचारलं.

"तुमची फळी कापून होईपर्यंत," ती म्हणाली. "मग तुम्ही दुसरी लावलीत."